प्रभुभोजनाचं पाणी

दिंद्रुडकडून वडवणीकडं जाताना आडवाटेला एक गाव लागतं. त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, एका गल्लीत मावतील एवढी. पलीकडच्या गल्लीत बौद्धांची घरं. दोन्ही गल्ल्यांची मुळं एकच; कुणाचा आजा मिशनच्या शाळेत गेला आणि ख्रिस्ती झाला, कुणाचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन आला. देव बदलले तरी नदीतला झिरा दोघांचा एकच राहिला.

सरूबाई या गावात सून म्हणून आली ती नगरकडून. तिच्या आईनं तिला येताना दोन गोष्टी शिकवून पाठवलं होतं: प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून उपासनेत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर कशी थापायची आणि मनुकांचा रस कसा काढायचा. सासरी सासू थकलेली, म्हणून पहिल्याच वर्षी ते काम तिच्याकडं आलं आणि मग कायमचंच राहिलं. बीडहून पाळकसाहेब येणार असले की ती आदल्या दिवशी न्हाऊन, घर सारवून कामाला बसायची. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या, मग रस चांगला उकळून बाटलीत भरायचा. भाकर मात्र रविवारी सकाळी, ताजी. तिला लिहिता-वाचता यायचं नाही. पण हे काम करताना ती कुणाशी बोलायची नाही. शेजारणीनं हाक मारली तरी मान हलवायची फक्त. आई म्हणायची, "हे साधं रांधणं नव्हं बाई, प्रार्थना झाली की ह्याचं प्रभूचं रगत होतंय." ते शब्द तिच्या मनात घट्ट बसले होते.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात या कामाची पार दैना झाली.

दोन पावसाळे कोरडे गेलेले. गाव सगळं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचं, सरूबाईही जायची. गुरं छावणीत नेऊन बांधलेली, त्यामुळं गावात शेण नाही, शेण नाही म्हणून गोवऱ्या नाहीत. बाभळीच्या काटक्या वेचून चूल पेटवायची. गव्हाचा दाणा बघायला मिळत नव्हता. सोसायटीच्या गोदामातून लाल मिलो, परदेशातली ज्वारी, मिळायचा, तोच खायचा. तिचा नवरा शहादेव त्या गोदामावर शिपाई होता, म्हणून त्यांना जास्त मिळत असेल असं लोकांना वाटायचं. मिळत नव्हतं.

पाण्याची तऱ्हा वेगळीच. सोसायटीनं सभासदांच्या उसासाठी मोठी विहीर खणली होती. ऊस वाळून गेला, पण विहिरीच्या तळाला पाणी होतं. चेअरमन विठ्ठलराव सकाळी इंजिन लावायला सांगायचे, आणि पाइपाचं पाणी दोन्ही गल्ल्यांसाठी बांधलेल्या हौदात सोडायचे. विहिरीवर यायचं नाही, हौदातून न्यायचं. बायका मुकाट्यानं रांग धरायच्या.

त्या शनिवारी विठ्ठलरावांच्या पुतणीचं लग्न होतं. पाणी सगळं मांडवाकडं गेलं. हौदात चिखल तेवढा उरला होता.

सरूबाई कामावरून आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरात पाण्याचा थेंब नाही. मनुका पुडीत तशाच. भिजवायला पाणी पाहिजे, आणि सकाळच्या गाडीनं पाळकसाहेब येणार. ती कळशी घेऊन नदीत गेली. वाळूत उकरलेल्या झिऱ्यात गढूळ पाणी पाझरत होतं. वाटीवाटीनं भरायला तिला फार वेळ लागला. वरच्या अंगाला छावणीतली ढोरं उभी राहायची, तिकडून वास यायचा. तिनं तोंड फिरवलं आणि कळशी भरली.

पाणी निवळलं, मनुका कोमट पाण्यात भिजल्या, रस निघाला. आता उकळायचा. चुलीजवळ होत्या तेवढ्या काटक्या आत घातल्या. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरले आणि जाळ विझला. सकाळच्या भाकरीसाठी दोन-चार काटक्या बाजूला ठेवलेल्या होत्या. त्यांच्याकडं तिनं बघितलं. त्या घातल्या तर भाकर कशावर करायची?

तिनं पातेलं खाली उतरवलं.

"साहेब प्रार्थना करतील," ती स्वतःशीच म्हणाली. "त्याच्यापुढं काय ऱ्हातंय."

रविवारी उपासनेच्या खोलीत सगळी जमली. पत्र्याचं छप्पर, खाली बारदान अंथरलेलं, टेबलावर पांढरं कापड. त्यावर मिलोची लालसर भाकर. पाळक त्रिंबकरावांनी भाकरीकडं बघितलं, मग सरूबाईकडं. ती खाली मान घालून म्हणाली, "गहू न्हाई मिळाला, साहेब."

"शास्त्रात भाकरच लिहिलीय," ते म्हणाले. "कशाची ते लिहिलं नाही."

लोक हसले. त्या वर्षी त्या खोलीत तसं हसू फारसं ऐकू आलं नव्हतं.

मग त्यांनी प्रेषित पौलाच्या पत्रातला नेहमीचा भाग वाचला: जो अयोग्य रीतीनं ही भाकर खातो आणि हा प्याला पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, म्हणूनच तुमच्यातले कित्येक दुबळे आणि आजारी आहेत. सरूबाईनं हा भाग कितीदा तरी ऐकला होता. आज तो तिच्या कानात अडकून राहिला. प्याला एकच होता, मिशनच्या काळातला, जर्मन धातूचा. आधी पाळकसाहेब प्याले, मग मंडळीचे म्हातारे कारभारी तात्या, मग बाकीचे पुरुष, मग बायका. तिच्या हातात आला तेव्हा तिनं आत बघितलं. रस नेहमीपेक्षा जरा पातळ वाटला. ती प्याली.

दुपार कलते न कलते तोच कारभारी तात्यांची सून रतनबाई धावत गल्लीत आली. "तात्याला हागवण लागली गं! वांत्याबी व्हायल्यात!"

सरूबाई भाकरीची परात घासत होती. परात हातातून सुटली.

तात्यांच्या दारात गर्दी झाली. म्हातारा एवढ्यातच वाळून गेल्यासारखा दिसत होता, डोळे आत गेलेले, पायाला पेटके. सोसायटीचा ट्रक मिलो उतरवून गोदामाशी उभा होता. शहादेवनं ड्रायव्हरचे पाय धरले, तात्यांचा मुलगा त्यांना मांडीवर घेऊन मागं बसला आणि ट्रक वडवणीच्या दवाखान्याकडं गेला. रतनबाई धुळीकडं बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सकाळी प्याला घेतला आन् दुपारी हे. वाचलं न्हाई का साहेबानं? कुणीतरी मनात पाप ठेवून बसलं व्हतं आज."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाचं कुणाशी भांडण होतं, कुणी कामावर मुकादमाशी लाडीगोडी करतं, सगळं त्या बघण्यात आलं. सरूबाई मागच्या मागं सरकली. ती घरी आली आणि उंबऱ्यातच बसली.

शहादेव आला तो घामानं निथळलेला. "काय झालं? कावून अशी बसलीस?"

"अवो, रसाचं पाणी झिऱ्यातलं व्हतं. आन् उकळलाबी न्हाई म्या धड."

त्यानं तिला उंबऱ्यातून आत ओढलं. दार लावून घेतलं. मग तिच्या समोर उकिडवा बसला.

"कुणाला बोललीस?"

"न्हाई."

"मग बोलू नको. ऐकायलीस का? गावात कळलं का बाटग्यांच्या देवळातनं पटकी निघाली, तर चेरमन हौदबी बंद करील. माझी नोकरी जाईल ती जाईल, दोन गल्ल्या तहानेनं मरतील. बाटलीत उरलंय का काही?"

"हाय."

"उकिरड्यावर वत."

तो गोदामाला कुलूप लावायला गेला. सरूबाईनं कोनाड्यातली बाटली काढली. तळाशी चांगला दोन घोट रस होता. प्रभुभोजनासाठी काढलेला रस उकिरड्यावर ओतायचा, हे तिच्या हातून होईना. आणि मनात दुसरंच काहीतरी उभं राहिलं. हा रसच वाईट असेल तर तो तात्यांना एकट्यांना का? मी केला, मला कळलंच पाहिजे. तिनं बाटली तोंडाला लावली आणि सगळा रस पिऊन टाकला. मग भिंतीला टेकून आपल्या पोटाकडं लक्ष लावून बसली.

पोट गुरगुरलं की तिला वाटायचं, आलं. जरा शांत झालं की वाटायचं, अजून वेळ आहे. मध्येच उठून ती गल्लीतून एक चक्कर मारून यायची. कुणाच्या दारात तांब्या घेऊन कोण धावतंय का बघायची. प्याला घेतलेल्या एकेकाचं तोंड तिच्या डोळ्यासमोर येत होतं. गरोदर असलेली तात्यांची नात. खोकल्यानं बेजार बायनाबाई. स्वतः पाळकसाहेब. इतक्या तोंडांना आपण काय पाजलं?

सकाळ झाली, तिला काहीच झालं नव्हतं. पण त्यानं तिला धीर आला नाही. उलट वाटलं, देवानं आपल्याला मुद्दाम मागं ठेवलंय, बाकीच्यांचं बघायला.

पाळकसाहेब तात्यांच्या खबरीसाठी गावातच राहिले होते. उपासनेच्या खोलीच्या पायरीवर बसून दात घासत होते. तिनं लांबूनच नमस्कार केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. झिरा, काटक्या, बुडबुडे, बाटली.

ऐकता ऐकता त्रिंबकरावांचा हात नकळत आपल्या पोटावर गेला. सरूबाईनं तो बघितला. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"सगळ्यांच्या आधी मीच प्यालो," ते म्हणाले.

"तुमाला काय होतंय का, साहेब?"

"नाही. पण आता होईल असं वाटायला लागलंय." ते कसंनुसं हसले.

"साहेब, एक इचारू? माझी आई म्हणायची, प्रार्थना झाली का रसाचं रगत होतंय. मग त्याच्यातली घाण कावून ऱ्हाती? आन् ऱ्हात असंल, तर मग आपण काय पितो?"

त्रिंबकराव मिशनच्या शाळेत शिकलेले, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात वाचलेला होता आणि उत्तरही पाठ होतं. पण सकाळच्या त्या उन्हात, घाबरलेल्या बाईसमोर, ते उत्तर त्यांच्या तोंडातून निघालं नाही.

"रस रसच राहतो, सरूबाई," ते सावकाश म्हणाले. "भाकर भाकरच राहते. शिळी होते, बुरशी धरते. पाणी घाण असलं तर घाणच राहतं. प्रभूनं सोनं-चांदी हातात नाही घेतली, त्या संध्याकाळी घरात जे होतं तेच घेतलं. तेच मोडलं, तेच वाटलं, आणि म्हणाला, मी असाच तुमच्यासाठी मोडला जाणार आहे. आपण खातो तेव्हा तो आपल्यात असतो, हे मी मानतो. कसा असतो, ते मला सांगता यायचं नाही."

"मग तात्याला दंड झाला का? कुणाच्या पापानं?"

"त्या भागात पौलानं ज्यांना रागावलंय ना, त्यांनी काय केलं होतं ठाऊक आहे? ज्यांच्याकडं होतं ते आधी पोटभर खाऊन घ्यायचे. गरीब मागून यायचे, उपाशीच बसायचे. त्याला तो अयोग्य म्हणाला."

सरूबाईच्या डोळ्यासमोर लग्नाचा मांडव आला, आणि हौदातला चिखल. पण तिला तो विचार पुढं नेता आला नाही, कारण बौद्धांच्या गल्लीतून रडण्याचा आवाज आला.

केशरबाई दारात उभी राहून ओरडत होती. तिची सून सिंधुबाई पहाटेपासून आजारी होती. सिंधुबाई कामावर सरूबाईच्या शेजारी बसून खडी फोडायची. दोघींचा हातोडा एकाच लयीत चालायचा. आणि कामावरचीही दोघं-तिघं पडल्याची खबर आली.

सरूबाईच्या मनात आधी काय आलं असेल तर हे: सिंधूनं तर प्याल्याला तोंडच लावलं नव्हतं! छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. तिनं मोकळा श्वास घेतला. आणि तो श्वास बाहेर पडायच्या आतच केशरबाईचा चेहरा तिला दिसला. दुसऱ्याची सून मरणाला टेकली आणि आपल्याला बरं वाटलं. अयोग्य म्हणजे आणखी काय असतं?

तोवर नर्सबाई सायकलवरून आली, पाठोपाठ विठ्ठलराव पांढऱ्या धोतरात, लग्नाचा गुलाल अजून कानाशी. नर्सबाईनं तोंडाला पदर बांधला आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता तुम्ही लोक?"

"हौदाचं, हौदाचं," विठ्ठलरावच म्हणाले. "सोसायटीचं पाणी हाय, एकदम चोख."

बायकांनी खाली बघितलं. शहादेव चेअरमनच्या मागं उभा होता, त्यानं सरूबाईकडं बघून मान हलवली: नको.

"शनिवारी हौदात पाणी नव्हतं," सरूबाई म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला की नर्सबाईनं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा तो मोठा निघाला. "शनिवारी हौदात पाणी नव्हतं. आमी झिऱ्यातलं आणलं. समद्यांनी. म्याबी त्याच पाण्याचा रस केला, देवळात वाटला, उकळलाबी न्हाई. वरच्या अंगाला ढोरं बसत्यात."

"ये शहादेव," विठ्ठलराव मान न वळवता म्हणाले, "तुझी बायको लई बोलायली बे."

शहादेव पुढं झाला. एवढे दिवस मालकापुढं त्यानं शब्द काढला नव्हता. तो म्हणाला, "मालक, खरं हाय ते. मांडवाला पाणी म्याच सोडलं व्हतं, तुमी सांगितलं म्हणून."

नर्सबाई कुणाच्या भानगडीत पडली नाही. झिरा आजच बुजवा, म्हणाली, आणि विहिरीचं पाणी पावडर टाकून सगळ्यांना द्या. नाहीतर मला वर कळवावं लागेल, कामावरच्या लोकांना पटकी झाली तर काम बंद पडतं. काम बंद पडलं तर सोसायटीचं धान्यही थांबणार, हे विठ्ठलरावांना न सांगता कळलं. त्यांनी इंजिन लावायला सांगितलं. विहिरीवर कुणाला येऊ दिलं नाही, पण पाइप मात्र त्या दिवसापासून चुकला नाही. शहादेवला गोदामावरून काढलं. तो खडी फोडायला लागला.

सिंधुबाईनं बैलगाडीतच जीव सोडला, दवाखान्याच्या अलीकडं. तात्या वाचले.

ते परत आले तेव्हा नुसती हाडं उरली होती, पण जीभ शाबूत होती. त्यांना भेटायला मंडळी जमली. सरूबाई सगळ्यांसमोर उभी राहिली आणि रसाची गोष्ट त्यांना सांगितली. दुसऱ्याच दिवशी तात्यांपाशी दवाखान्यात गेलेली रतनबाई हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती ताडकन म्हणाली, "म्हंजी तूच! आन् आमी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो! आता हिच्या हातचा रस घ्यायचा न्हाई."

"गप ए," तात्या खाटेवरून म्हणाले. "कामावर झिऱ्याचं पाणी म्या दिवसभर पेत व्हतो. रसानं झालं का पाण्यानं, ते डाक्टरलाबी कळलं न्हाई, तुला कुठनं कळलं?" मग सरूबाईकडं वळून म्हणाले, "प्यालासुदिक आपलंच पाणी पितो बाई. आपण जे पितो तेच. दुसरं कुठनं आणणार तू?"

सरूबाई रडली नाही. तिनं विचारलं, "तात्या, आता पोट कसं हाय?"

पुढच्या प्रभुभोजनाला रस तिनंच केला. मंडळीनं तसं ठरवलं होतं असं नाही. दुसरी कुणी पुढं आली नाही एवढंच. शहादेवनं तिच्यासाठी लांबून लाकडं वाहून आणली. तिनं रस इतका उकळला की तो अर्धा झाला, काळसर पडला आणि गुळासारखा चिकट लागला. प्याला फिरला. रतनबाईच्या हातात आला तेव्हा ती थांबली. रतनबाईनं आत बघितलं, डोळे मिटले, घोट घेतला आणि प्याला सरूबाईकडं सरकवला. सरूबाईनं आधी रतनबाईच्या तोंडाकडं बघितलं, मग प्याला ओठाला लावला.

भीती तिची गेली नाही. पाऊसपाणी सुरळीत झालं, छावण्या उठल्या, पुढं गावात नळ आला. विठ्ठलराव गेले, सोसायटीवर दुसरी माणसं आली. तरी प्रभुभोजनाचा रविवार आला की दुपारपासून सरूबाई घरात टिकायची नाही. डोक्यावर पदर घेऊन ती घरोघर जायची. आधी ख्रिस्ती गल्लीत, मग पलीकडच्या गल्लीत केशरबाईकडं, जिचा प्याल्याशी काही संबंध नव्हता. दारात उभी राहून एकच विचारायची, "पोट बरं हाय ना समद्यांचं?"

पोरी हसायच्या. सासवा त्यांना दटावायच्या. केशरबाई मात्र दरवेळी तिला आत बोलवायची आणि ताटात जी असेल ती भाकर मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवायची. दोघी चुलीपाशी बसून खायच्या, फारसं काही न बोलता, आणि मग सरूबाई पुढच्या घराकडं जायची.